नोंगयायच्या नावाचं वर्ष

माझा थोरला भाऊ नोंगयाय भित्रा होता. एखाद्याचा पाय जन्मतः वाकडा असावा, तशी त्याची भीती होती. वीज कडाडली की भाताच्या कणगीमागे जाऊन बसायचा. नदी ओलांडायची तर होडीच्या मधोमध बसून, दोन्ही हातांनी काठ गच्च धरून. बाकी कुणावर न भुंकणारी कुत्री तादावर हमखास भुंकायची. मी त्याला तादा म्हणे, म्हणजे दादाच.

लग्न होऊन थंबालै वहिनी घरात आली, तेव्हा चारच दिवसांत मला बाजूला घेऊन म्हणाली, "थोइनू, तुझा भाऊ मला घाबरतो गं."

"घाबरू दे की. त्यात तुझं काय जातं?"

"तसं नाही. काल मी मागून जाऊन नुसती हाक मारली, तर हातातली सुरी टाकून पळाला. परसात जाऊन लपला!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो. पण तादा हाताचा मोठा कसबी. बांबूच्या टोपल्या, सुपं, मासे धरायचे सापळे असे विणायचा की इंफाळच्या बाजारातल्या बायका वहिनीची वाट बघत बसायच्या. माझा नवरा गेला आणि मी माहेरी परत आले, तेव्हा तादानं एका शब्दानं विचारलं नाही. ओसरीवर माझा माग लावून दिला आणि म्हणाला, "बरं झालं आलीस. घरात एक माणूस जास्त असलं की धीर येतो."

तेव्हा गादीवर तरुण महाराज होते. वडील वारले तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. राजाच्या घरात भाऊ म्हणजे काय, हे आमच्या देशात शेंबड्या पोरालाही कळतं: आज एका ताटात जेवतील, उद्या एकमेकांच्या उरावर बसतील. महाराजांचा धाकटा सावत्र भाऊ पहिल्याच वर्षी डोंगर ओलांडून कछारला पळाला होता, आणि तिथे माणसं गोळा करतोय अशा बातम्या दर हिवाळ्यात यायच्या. तरी महाराजांचा अंमल वाईट नव्हता. नदीचे बांध त्यांनी दुरुस्त केले, बाजारात बायकांना त्रास देणाऱ्या शिपायांना उघड्यावर फटके दिले. घोड्यावर बसले की बघत राहावं असे दिसायचे. वहिनी म्हणायची, "राजा चांगला आहे, म्हणून तर जास्त काळजी वाटते."

त्यांच्या राज्याला पाचेक वर्षं झाली असतील, तेव्हा दरबारचे जोशी आमच्या अंगणात येऊन उभे राहिले.

आमच्याकडे वर्षाला माणसाचं नाव देतात. सजिबू, म्हणजे वर्षाचा पहिला महिना, लागला की पहिल्या दिवशी एक माणूस निवडतात. त्या वर्षात राजावर आणि देशावर जे अरिष्ट यायचं, जे पाप घडायचं, ते सगळं तो अंगावर घेतो. त्याला चैथाबा म्हणतात. वर्ष बरं गेलं तर त्याला जमीन मिळते, दरबारची वेठ माफ होते. वाईट गेलं तर काय होतं, ते लोक मोठ्यानं बोलत नाहीत.

जोशीबुवांनी तादाची जन्मवेळ विचारली. त्याला कुठे माहीत! मीच सांगितली, आईकडून ऐकलेली. बुवांनी बोटांवर मोजलं, सोबतच्या माणसाकडे बघून मान डोलावली आणि म्हणाले, "ग्रह असे बळकट की डोंगर ठेवला तरी वाकायचा नाही."

तादा अंगणात बांबू सोलत होता. त्याच्या हातातली कामटी गळून पडली.

"बुवा," वहिनी पुढे झाली, "चूक होतेय काहीतरी. हा माणूस सरड्याला घाबरतो."

"घाबरणं ग्रहांत दिसत नाही, बाई."

"मग ग्रहांना म्हणावं एक दिवस आमच्या घरी राहून बघा!"

बुवा हसले, पण सोबतचा माणूस हसला नाही. तो दरबारचा होता. "महाराजांचा हुकूम आहे," एवढंच म्हणाला. मग बोलणंच संपलं.

वर्षाच्या पहिल्या दिवशी कांगला किल्ल्यातल्या पटांगणावर आम्ही सगळे गेलो. मागच्या वर्षीचा चैथाबा तोमचौ नावाचा माणूस होता. वर्षापूर्वी मी त्याला पाहिलं होतं, धिप्पाड, खळखळून हसणारा. आता गालफडं आत गेली होती. त्यानं तादाच्या हातात काठी दिली आणि ठरलेले शब्द म्हटले: राजाची, देशाची सगळी पापं, सगळी पीडा वर्षभर मी वाहिली, आता ती तू घे. तादानं वाकून घेतलं. त्याचे ओठ हलले, आवाज कुणाला ऐकू आला नाही. तोमचौच्या चेहऱ्यावर मात्र असं काही पसरलं, जसं सुटका झाल्यावर बाळंतिणीच्या चेहऱ्यावर पसरतं. परतताना तो तादाच्या कानाशी काही बोलला.

"काय म्हणाला रे?" वाटेत मी विचारलं.

"म्हणाला, झोप येत नाही, एवढंच. बाकी काही नाही."

त्या दिवसापासून आमच्या दारात येणं लोकांनी कमी केलं. वाईट वागायचे नाहीत, उलट जास्तच अदबीनं. रस्त्यात तादा दिसला की बाजूला होऊन वाट द्यायचे. पण आया पोरांना पदराआड घ्यायच्या. बाजारात वहिनीच्या टोपल्या तशाच राहू लागल्या. एक म्हातारी तोंडावर म्हणाली, "टोपली चांगली आहे गं, पण तिच्यात काय काय बसून येईल कुणास ठाऊक." वहिनीही काही कमी नव्हती. "तुझ्या घरात आधीच जे बसलंय, त्याला जागा पुरते का ते बघ," असं सुनावून आली. घरी येऊन मात्र चुलीपुढे बसून रडली.

तादा रोज सकाळी उठून आकाशाकडे बघायचा. पाऊस लांबला, तर याच्यामुळे. पाऊस आला आणि नदीनं बांध फोडला, तर याच्यामुळे. असं कुणी म्हणत नव्हतं, तोच म्हणायचा. पुरात पलीकडच्या वस्तीतली एक म्हैस वाहून गेली, तर हा दिवसभर जेवला नाही. मग एका दुपारी भूकंप झाला. फार मोठा नव्हे. मडकी लवंडली, माझ्या मागाचा दांडा निसटला. मी बाहेर धावले तर तादा अंगणात पालथा पडून दोन्ही हातांनी जमीन दाबून धरत होता.

"तादा, अरे थांबला भूकंप! ऊठ."

"नक्की थांबला?"

"थांबला रे."

"तू आत जाऊ नकोस अजून. मी आणखी थोडा वेळ धरतो."

ते ऐकून मला हसू यायला हवं होतं. पण त्या क्षणी मलाही वाटलं की त्यानं हात सोडले तर जमीन पुन्हा हलेल. भीती अशीच असते. एका घरात एकाला झाली की सगळ्यांना होते.

पावसाळा सरता सरता महाराज कांगजै खेळताना घोड्यावरून पडले. घोड्यावर बसून काठीनं चेंडू मारायचा खेळ. आमच्याकडची पोरं चालायला शिकली की तोच शिकतात. महाराजांसारखा खेळाडू देशात नव्हता. आणि तेच, सपाट मैदानावर, खोगिरासकट खाली आले. मागून येणारा घोडा त्यांच्या मांडीवरून गेला.

आम्हाला हे कळलं ते दरबारची माणसं तादाला न्यायला आली तेव्हा. वहिनीनं त्याचा हात धरून ठेवला होता. एक शिपाई म्हणाला, "सोडा, बाई. मारायला नेत नाही." त्यानं ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

आत काय घडलं, ते तादानं मला फार नंतर सांगितलं. महाराजांना एका बाजूच्या दालनात निजवलं होतं. पांढऱ्या वस्त्रातली म्हातारी माइबी, देवाला बोलावणारी आमची पुजारीण, हातातली घंटा वाजवत फेऱ्या घालत होती. तिनं महाराजांच्या अंगावरचं वस्त्र काढून तादाच्या अंगावर टाकलं, त्याला महाराजांच्या उशाशी बसवलं आणि सगळ्यांना बाहेर काढलं. पीडा एका अंगातून दुसऱ्या अंगात जाताना मध्ये कुणी असू नये म्हणून. मग तीही गेली. त्या दालनात देशाचा राजा आणि माझा भाऊ, दोघेच राहिले.

महाराजांनी डोळे उघडले. "कोण?"

"मी... नोंगयाय. महाराज."

"हं. माझं वर्ष तू आहेस नाही का." मग त्याच्याकडे नीट बघून म्हणाले, "थरथरतोयस तू."

"हो महाराज. मी पहिल्यापासूनच असा."

"मीही," महाराज म्हणाले. "बाहेर बोलू नकोस." आणि मग हळू आवाजात, जणू भिंतीला सांगावं तसं, "खोगिराचा पट्टा झिजलेला नव्हता. कापलेला होता. मी पडता पडता पाहिला. माझ्याच पागेत कुणीतरी आहे. आता त्या लोट्यात पाणी आहे, घसा कोरडा पडलाय, आणि मला ते पिता येत नाही."

तादा म्हणाला की त्या वेळी त्याला आपल्या घरचं अंगण आठवत होतं आणि दाराकडे धावावंसं वाटत होतं. तरी त्यानं लोटा उचलला, आधी स्वतः दोन घोट घेतले, थोडा वेळ थांबला आणि मग लोटा महाराजांच्या तोंडाला लावला.

"इतका कसा रे धीर आला तुला?" मी विचारलं होतं.

"धीर कसला? मला वाटलं, त्यात जे असेल ते नाहीतरी यंदा माझंच आहे."

पाण्यात काही नव्हतं. महाराज वाचले. पाय मात्र कायमचा अधू झाला, घोड्यावर बसणं सुटलं. घोड्यावर न बसणारा राजा! आमच्या देशात हे लोकांच्या तोंडी यायला किती वेळ लागतो? बाजारातून ते कछारपर्यंत पोहोचलं.

भात कापून घरात आलं आणि कछारला पळालेले धाकटे राजपुत्र माणसं घेऊन डोंगर उतरून आले. पश्चिमेकडच्या वस्त्या जळत असलेल्या आमच्या ओसरीवरून दिसायच्या. दिवसा धूर, आणि वाऱ्यावर करपलेल्या भाताचा वास. लोक पोरंबाळं, कोंबड्या, देवघरातले देव घेऊन पूर्वेच्या डोंगराकडे निघाले. वहिनीनं आपल्या दोन्ही लहान मुलींना, एकीला पाठंगुळीला आणि एकीला काखेला, बांधलं, सुकवलेले मासे आणि तांदूळ गाठोड्यात भरले.

"चला," ती तादाला म्हणाली.

तो ओसरीवर बसून राहिला.

"अहो, ऐकताय ना? उठा!"

"मी नाही येत."

मला वाटलं, भीतीनं पाय गेले याचे. मी त्याच्या दंडाला धरून ओढलं. "तादा, आत्तापर्यंत पानं हलली तरी पळालास. आज खरंच पळायचं तर बसून राहतोस?"

"थोइनू, वर्ष संपलं नाही अजून." त्याचे दात वाजत होते. "माझ्या अंगावर जे आहे ते घेऊन मी तुमच्यात आलो, तर ते तुमच्यावर येईल. मुलींवर येईल. मला इथे बसायची भीती वाटते, पण तिकडे यायची जास्त वाटते. तुम्ही जा."

वहिनीनं कधी नव्हे ते भर दिवसा, माझ्यासमोर त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग मागे न बघता गेली. मी राहिले. मला काही शौर्य नव्हतं आलं. भित्र्या माणसाला घरात एकटं टाकून जाववेना, एवढंच.

महाराज किल्ल्यात राहिले नाहीत. पालखीतून नदीच्या उतारापर्यंत गेले आणि तिथे गाठले गेले. कुणी मारलं? धाकट्या राजपुत्रांनी स्वतः, असं सगळे म्हणत होते आणि म्हणताना मागे वळून बघत होते.

आठवडा उलटायच्या आत दवंडी पिटली गेली की नवे महाराज गादीवर बसणार, आणि वर्षाच्या माणसानं पटांगणावर हजर व्हावं. मी शेजारच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "तादाला कशाला बोलावतात?" तो म्हणाला, "भावाचं रक्त हाताला लागलंय ना. ते उतरवून ठेवल्याशिवाय गादीवर बसायचं कसं? उतरवायला माणूस तयारच आहे. तुझा भाऊ."

मी तादाला आंघोळीला पाणी दिलं. त्यानं धोतर बदललं. खाऊन जा म्हटलं तर घास गिळेना. किल्ल्यापर्यंत आम्ही चालत गेलो. माझा हात त्यानं असा धरला होता की बोटं बधिर झाली. पटांगणावर लोक होते, पण एवढ्या लोकांत जो गलबला असतो तो नव्हता. परत आलेल्यांत वहिनीही होती. मला ती दिसली, मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिचं अंग तापलं होतं.

नवे महाराज पुढे आले. दिसायला थेट थोरल्यांसारखे, तसंच नाक, तसेच खांदे. ते बघून बायकांत एक हुंदका फुटला आणि लगेच दाबला गेला. तेच जोशी होते. त्यांनी तादाच्या हातात काठी दिली आणि शब्द सांगितले: "म्हण. या हातांनी जे घडलं, भावाचं जे रक्त सांडलं, ते पाप माझं. माझ्या अंगावर आलं."

तादानं तोंड उघडलं. आवाज नाही.

"म्हण," जोशी पुन्हा म्हणाले.

त्याचा जबडा हलत होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. खालून धोतर ओलं झालं ते सगळ्यांना दिसलं. कुणी हसलं नाही. मी मनात म्हणत होते, म्हणून टाक रे, म्हण आणि सूट! वहिनीची नखं माझ्या दंडात रुतली होती. नवे महाराज दोन पावलं पुढे आले आणि दात आवळून म्हणाले, "बोल! पाण्याचा लोटा उचलायला धीर झाला होता ना?" म्हणजे तेही त्यांच्या कानापर्यंत गेलं होतं. भिंतीला सांगितलेलं भिंतीनं ऐकलंच होतं.

तादानं त्यांच्याकडे पाहिलं. मग काठी त्याच्या हातून निसटून दगडी फरशीवर पडली. आवाज एवढासा, पण पटांगणाच्या टोकापर्यंत गेला. तो गुडघ्यांवर कोसळला आणि त्याची शुद्ध हरपली.

मी त्या वेळी तादाकडे बघत नव्हते. नव्या महाराजांच्या चेहऱ्याकडे बघत होते. आयुष्यभर मी घरात भीती पाहिली होती, मला ती ओळखता येते. त्या चेहऱ्यावर तीच होती. पाप पुढे केलं होतं आणि घेणाऱ्याच्या हातातून काठी गळली होती. आता ते होतं तिथेच राहिलं होतं, आणि हे सगळ्या देशानं पाहिलं होतं.

शिपायांनी तलवारी उपसल्या. जोशी पुढे होऊन महाराजांच्या कानाशी लागले. याला मारलं तर याच्या अंगावर वर्षभराचं जे साठलंय ते मोकळं सुटेल, असं काहीतरी म्हणाले असणार. त्या दिवसापुरते ते बुवा आमचे देव झाले. तादाला हद्दपारीची शिक्षा झाली: लोकताक सरोवरातल्या थांगा बेटावर, कोळ्यांच्यात. उरलेल्या वर्षासाठी दुसरा माणूस नेमला. त्यानं शब्द नीट म्हटले म्हणे. पण दुसऱ्यांदा म्हटलेल्या शब्दांवर कुणाचा विश्वास बसतो? नव्या महाराजांचा तर नव्हताच. चार माणसांनी चाखल्याशिवाय घास खात नसत, जागा बदलून झोपत. त्यांचंही राज्य फार टिकलं नाही, एका चुलत भावानं संपवलं.

आम्ही थांगाला गेलो ते भर दुपारी, होडीतून. चहूकडे पाणी, पाण्यावर तरंगणारी गवताची बेटं, आणि तादा मधोमध डोळे मिटून बसलेला. वहिनी म्हणाली, "महाराजांनी शिक्षा नेमकी हेरून दिली हो. पाण्याला घाबरणाऱ्याला पाण्यात टाकलं." धाकटी मुलगी हसली, आणि मग तादाही हसला, डोळे न उघडता.

बेटावरच्या कोळ्यांना वर्ष, पाप, ग्रह यांच्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना मासे धरायचे सापळे हवे होते. पहिल्या हिवाळ्यातच त्याच्या सापळ्यांना सरोवरभर मागणी आली. पोरं त्याच्याभोवती बसायची आणि कुठलीही आई त्यांना पदराआड घेत नव्हती. रात्री झोप लागायला मात्र त्याला बरीच वर्षं लागली. तो चुलत भाऊ गादीवर आल्यावर हद्दपारांना परत यायची मोकळीक मिळाली. वहिनी जायला तयार होती. तादा म्हणाला, "तिथे पुन्हा जोशी येतील." तेवढ्यावर विषय संपला.

त्याचे केस पिकल्यावर एकदा मी त्याला विचारलं. आम्ही दारात बसलो होतो, तो कामट्या भिजवत होता.

"तादा, खरं सांग. त्या दिवशी तुला बोलता आलं नाही, की तू बोलला नाहीस?"

त्यानं हात थांबवला.

"मला नाही माहीत गं," तो म्हणाला. "मी म्हणायचा प्रयत्न करत होतो. खरंच करत होतो. पण तोंड उघडलं की थोरल्या महाराजांचा तो कोरडा घसा आठवायचा."

मग म्हणाला, "तू बांधून घे ना या चार, माझी बोटं आखडलीत आज." मी कामट्या हातात घेतल्या आणि बांधायला लागले.